ठासणीच्या रायफलीत लॉक बसवताना: दस्त्याच्या आतलं, न दिसणारं सुतारकाम

ठासणीची (तोंडाकडून दारू-गोळी भरायची) लांब रायफल नव्याने जुळवायला घेणारे बहुतेक जण सगळा जीव ओततात तो दस्त्याच्या, म्हणजे बंदुकीच्या लाकडी अंगाच्या, बाहेरच्या घडणीत. गालाच्या बाजूचं कोरीव काम, पितळी पॅचबॉक्स (दस्त्यातला झाकणाचा छोटा खण), मॅपलवरच्या आडव्या लाटा, शेवटचं तेल. लॉकची (घोडा चालवून ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची) प्लेट काढून आत बघावं, तर एकच मोठा खड्डा असतो आणि त्यात सगळे भाग लोंबकळत असतात. बाहेरून काही कळत नाही. पण चाप जड का लागतो, घोडा मध्येच का अडखळतो आणि मनगटापाशी (दस्त्याच्या मुठीत धरायच्या निमुळत्या भागापाशी) बारीक चीर का पडते, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या खड्ड्यात असतं.

कारण साधं आहे. लॉक बसतं ती जागा अख्ख्या दस्त्यात सगळ्यात पोखरलेली. वरून नळीची खाच, खालून गजाचं (दारू-गोळी ठासायच्या काठीचं) भोक, मागून टँगचा (नळीच्या मागच्या शेपटीसारख्या पट्टीचा) स्क्रू, तळातून चापाची खाच, आणि बाजूने तुम्ही लॉकसाठी पटाशी चालवणार. हे सगळं चार-पाच इंचांत. तिथे राहिलेली लाकडाची प्रत्येक भिंत काम करत असते. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: जो भाग हलतो त्याला हलण्यापुरती जागा द्या, बाकी लाकूड जागेवर राहू द्या.

मी पेनसिल्वेनियात राहून हे काम शिकलो. इथे जवळच लँकेस्टर आहे. जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) आणि त्याच्यासारख्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी ज्या रायफली घडवल्या त्यांचं हे गाव. त्या काळी लॉक बहुतेक वेळा इंग्लंडहून तयार येत असे. दुकानातल्या कारागिराचं खरं कसब ते तयार लॉक आपल्या लाकडात उतरवण्याचं होतं. आज आपणही तेच करतो: लॉक विकत, लाकूडकाम आपलं. जुन्या रायफलींची लॉक काढून पाहिली तर काहींत गिरमिटाचे व्रण जसेच्या तसे दिसतात, घासून गुळगुळीत करण्याच्या भानगडीत कोणी पडलेलं नसतं. तेव्हा नीटसपणा म्हणजे आरशासारखा तळ नव्हे. नीटसपणा म्हणजे नको तिथे लाकूड न काढणं.

पुढची सगळी पद्धत चकमकी (गारगोटीच्या ठिणगीने पेटवणाऱ्या) लॉकसाठी, मॅपलच्या दस्त्यासाठी आहे. नळी आणि टँग आधीच बसवलेली आहे असं धरलं आहे. तो क्रम मोडू नका. लॉकची जागा नळीवरून ठरते.

१. आधी कायदा

अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यात ठासणीच्या, तयार काडतूस न घेणाऱ्या बंदुका ‘अँटिक’ या वर्गात येतात. ही सवलत केंद्रीय कायद्यापुरती आहे. राज्यांचे नियम वेगळे असतात आणि काही ठिकाणी बरेच कडक. तुम्ही व्हिसावर असाल तर वकिलाला एकदा विचारल्याशिवाय नळी मागवू नका. जवळ ठेवायचे कागद: सुट्या भागांची पावती, नळी ठासणीचीच आहे हे सांगणारं विक्रेत्याचं वर्णन, आणि आपल्या राज्याच्या नियमांची छापील प्रत.

भारतात वाचत असाल तर स्पष्ट सांगतो: तिथे ठासणीची बंदूकही शस्त्र अधिनियम, १९५९ खाली येते. बाळगायला परवाना लागतो आणि बनवायला वेगळा परवाना लागतो (कलम ५). घरी बनवण्याचा विचारही करू नका. सुट्टीत गावी जाताना ‘दाखवायला’ म्हणून सामानात लॉक टाकणंही नको.

२. लागणारं सामान

- सपाट पटाश्या: ३, ६ आणि १० मिमी. एक अगदी अरुंद, दीड-दोन मिमीची, जुन्या सुईकानशीपासून घासून करता येते.
- गोल पटाश्या: प्लेटच्या नाकाच्या (पुढच्या टोकाच्या) आणि शेपटीच्या (मागच्या टोकाच्या) वळणाला जुळतील अशा दोन.
- पातळ पात्याचा धारदार चाकू.
- बारीक कानस, प्लेटच्या कडेसाठी.
- मेनस्प्रिंग (घोड्याला जोर देणारी मुख्य स्प्रिंग) दाबायचा छोटा शिकंजा. याला पर्याय नाही. पक्कडीने स्प्रिंग काढू नका.
- उभं ड्रिल मशीन, सपाट तळ कापणारी फोर्स्टनर बिटं, व्हर्नियर.
- खुणेचा रंग: तेलातलं काजळ किंवा प्रशियन निळा. सोबत एक जुना टूथब्रश.
- धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा.
- दोन दिवे, एक डावीकडून, एक उजवीकडून. भिंतीवरची सावली बघूनच खोली कळते.

धारेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. लाटा असलेल्या मॅपलमध्ये लाकडाचा रेषा (तंतूंची दिशा) दर काही मिलिमीटरला वर-खाली होतो. बोथट पटाशी तिथे कापत नाही, ढलपी उपटते. आणि ही ढलपी नेमकी प्लेटच्या कडेला उडते, जिथे ती आयुष्यभर दिसत राहणार. आडव्या रेषावरून पटाशी फिरवली तर कापलेली जागा चमकली पाहिजे. पांढुरकी, केसाळ दिसली तर थांबा आणि धार लावा.

३. लॉक मोकळं करणं

घोडा पूर्ण चढवा (मागे ओढून अडकवा), मेनस्प्रिंगवर शिकंजा लावून तो बेताचाच घट्ट करा, मग घोडा हाताने धरून हळू खाली सोडा. स्प्रिंग सैल होऊन शिकंजासकट हातात येते. त्यानंतर सिअर स्प्रिंग, सिअर (चढवलेला घोडा अडवून धरणारा भाग), ब्रायडल (आतल्या भागांना धरून ठेवणारी पट्टी), घोडा, टंब्लर (घोड्याबरोबर फिरणारा आतला भाग). बाहेरचं फ्रिझन (चकमक जिच्यावर घासून ठिणगी पडते ती पोलादी पट्टी) आणि त्याची स्प्रिंगही काढा. प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर त्याच्या जागेनुसार खोचून ठेवा. एकसारखे दिसणारे स्क्रू लांबीने वेगळे असतात आणि चुकीच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो प्लेटच्या बाहेर डोकावतो.

उरली ती नुसती प्लेट. तिच्या कडा कानशीने किंचित तिरक्या करा, म्हणजे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा केसभर लहान होईल. एक-दोन अंशांचा उतार पुरे. या उतारामुळे प्लेट आत जाता जाता घट्ट होत जाते आणि शेवटी कडेला फट राहत नाही. उतार सगळ्या बाजूंनी सारखा हवा. नाकापाशी आणि शेपटीपाशी कानस नकळत जास्त फिरते, तिथे लक्ष ठेवा.

४. जागा ठरवणं

इथे घाई केली तर पुढचं कितीही सुबक काम असो, रायफल नीट पेट घेणार नाही.

नळीच्या मागच्या टोकाला ब्रीच प्लग (नळी बंद करणारं बूच) असतो. त्याचा आतला चेहरा कुठे संपतो ते तोंडाकडून गज घालून मोजा आणि नळीच्या बाजूच्या सपाट पट्टीवर आडवी रेघ मारा. कान (म्हणजे पॅनमधली, लॉकवरच्या दारूच्या वाटीतली, आग नळीत नेणारं छिद्र) या रेघेच्या पुढे यायला हवा. पाव इंची लायनर (कानात बसवायचं धातूचं अस्तर) बसवणार असाल तर त्याची निम्मी रुंदी, म्हणजे १/८ इंच, आणि वर थोडी मोकळीक धरून मध्यबिंदू काढा. आता पॅनचा मध्य त्या बिंदूखाली येईल अशी प्लेट सरकवा. उंचीच्या बाबतीत कानाचा मध्य पॅनच्या वरच्या कडेच्या रेषेत असावा. इथले लोक त्याला उगवत्या सूर्याची जागा म्हणतात: निम्मा वर, निम्मा खाली.

जुन्या रायफलींत पॅनच्या मागची उभी भिंत नळीच्या मागच्या टोकाशी जुळवलेली दिसते आणि डोळ्याला ते बरं वाटतं. दोन्ही जमलं तर उत्तम. प्लग लांब असल्यामुळे जमत नसेल तर कान महत्त्वाचा, देखणेपण नंतर.

मग तिरकेपणा. शेपूट मनगटाच्या मधोमध उतरली पाहिजे, आणि नाक पुढे जाऊन गजाच्या भोकात घुसता कामा नये. मेनस्प्रिंगची खालची पाती कुठे येते हे आत्ताच कागदी नमुन्यावर काढून बघा. पुढचा लॉक बोल्ट (प्लेट दस्त्याला धरून ठेवणारा) नळीचा तळ आणि गजाचं भोक यांच्यामधल्या पातळ पडद्यातून जातो. तो पडदा १/८ इंचाच्या आसपास असतो. त्याची नेमकी जाडी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. प्लेट उतरवणं

सगळा वेळ खरा इथे जातो आणि जाऊ द्यावा.

प्लेटच्या आत बोल्स्टर नावाचा जाड भाग असतो, तो शेवटी नळीच्या सपाट बाजूला टेकायचा आहे. त्यामुळे लॉकपाशी लाकडाची बाजू नळीच्या त्या बाजूला समांतर करून घ्या. पहिल्यांदा फक्त बोल्स्टरपुरती खाच काढा. त्यामुळे प्लेट सपाट टेकते, मग ती क्लँपने धरून चाकूने भोवती रेघ मारता येते. चाकू प्लेटला चिकटून, पण किंचित आतल्या बाजूला कललेला. पहिली रेघ हलकी, दुसरी जरा दाबून. पेन्सिलची रेघ इथे चालत नाही. तिची जाडी म्हणजेच तुमची फट.

रेघेच्या आत साधारण एक मिलिमीटर सोडून लाकूड काढायला लागा. ती एक मिलिमीटरची पट्टी शेवटी उभ्या पटाशीने, रेघेत पातं टेकवून, खाली दाबत कापायची. मोगरीने नव्हे, हाताच्या जोरावर. टोकाकडून सुरू करू नका. सरळ बाजू आधी, वळणं शेवटी.

आता काजळाचा खेळ. प्लेटच्या कडेला आणि पाठीला काजळ ब्रशने इतकं पातळ लावा की धातूचा रंग मागून दिसत राहील. प्लेट जागेवर ठेवून अंगठ्याने दाबा, फार तर लाकडी ठोकळ्याने एकदा टकटक करा, काढा. आत बघा. सगळ्याच काळ्या खुणा सारख्या नसतात. गडद, चकचकीत, जरा पसरलेली खूण म्हणजे तिथे प्लेट खरोखर अडते आहे. करडी, धुरकट खूण म्हणजे नुसता स्पर्श. फक्त गडद खूण कापायची, तीही कांद्याच्या पापुद्र्याएवढी. करड्या खुणा सोडून द्या. नवशिका सगळं काळं साफ करत सुटतो आणि चार फेऱ्यांनंतर त्याच्या प्लेटभोवती फट दिसायला लागते.

प्लेट काढतानाही जपा. कडेत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका; लाकडाची कड तिथेच चेपते. बोल्टच्या भोकात आटे असतील तर लांब बोल्ट चढवून त्याला धरून सरळ ओढा. नसतील तर टंब्लरच्या भोकात लाकडी काडी घट्ट बसवून तिचा मुठीसारखा उपयोग करा.

तळ सपाट होत आला की बोल्स्टर नळीला लागतो का ते बघा. नळीच्या बाजूला काजळ लावलं तर बोल्स्टरवर खूण सगळ्या लांबीभर आली पाहिजे. फक्त पुढच्या टोकाला येत असेल तर शेपटीखालचं लाकूड अजून जास्त आहे. फक्त मागे येत असेल तर नाकाखालचं. बोल्स्टर नळीला टेकला, पण लाकूड अजिबात न लागता प्लेट हलायला लागली, तर समजा तळ जास्त खोल गेला.

प्लेटची बाहेरची बाजू अजून लाकडाच्या पातळीपेक्षा आत असेल. काळजी नको. भोवतालचं लाकूड नंतर रंध्याने आणि कानशीने प्लेटपर्यंत आणायचं आहे. प्लेट लाकडाला जुळवायची नसते.

६. आतले भाग, एकेक करून

हा टप्पा ‘एकदाचं ड्रिलने साफ करू’ असं म्हणून उडवण्याचा मोह फार होतो. तसं केलं की मघाशी सांगितलेला तो एकच खड्डा तयार होतो.

क्रम असा ठेवा: टंब्लर, मग ब्रायडल, मग सिअर, मग सिअर स्प्रिंग, शेवटी मेनस्प्रिंग. एक भाग प्लेटवर चढवा, काजळ लावा, दाबा, खुणेपुरतं कापा, प्लेट पूर्ण बसली की पुढचा भाग. प्रत्येक भागाची खोली वेगळी आहे आणि आतला जिना तसाच पायऱ्यांचा राहायला हवा. टंब्लरसाठी फोर्स्टनर बिट वापरा, व्हर्नियरने टंब्लरची उंची मोजून ड्रिलची खोली आधीच बांधून ठेवा. टंब्लर फिरतो, म्हणून त्याला त्याच्या पूर्ण फेरीएवढी जागा हवी. ब्रायडल हलत नाही, त्याला फक्त आकारापुरती. स्क्रूंची डोकी सगळ्यात खोल जातात. त्यांच्यासाठी अख्खा तळ खाली नेऊ नका, डोक्याएवढी लहान वाटी कोरा.

सिअरची आडवी काडी खाली चापाकडे जाते. तिच्यासाठी भोक हवं, पण कुठपर्यंत? काडी अर्ध्या चढावावर एका उंचीला असते, पूर्ण चढावावर दुसऱ्या, आणि चाप ओढताना तिसऱ्या. तिन्ही ठिकाणी ती लाकडाला शिवता कामा नये. हे भोक गोल न ठेवता वर-खाली थोडं लांबट केलं तर पुढे-मागे लाकूड उगाच जात नाही.

मेनस्प्रिंग ही सगळ्यात नाजूक जागा. तिच्या एका बाजूला नळीची खाच, खाली गजाचं भोक. स्प्रिंग सैल असताना आणि दाबलेली असताना वेगळ्या जागी असते. शिकंजात दाबलेल्या स्थितीत तिची खालची पाती कुठे येते ते मोजा आणि त्या दोन जागांमधलंच लाकूड काढा. आतल्या बाजूची भिंत पातळ करून पलीकडे भोक पडलं की ते दिसत नाही, पण नळीखालून आलेली ओल आणि काजळी थेट लॉकमध्ये उतरते.

७. लॉक बोल्ट

प्लेट पूर्ण बसल्यावर, आतले भाग जमल्यावरच बोल्टची भोकं. मागच्या बोल्टची वाट ब्रीच प्लगच्या मागून किंवा त्याच्या कोपऱ्यातून जाते, ती आधी नळी काढून, मोजून घ्या. लॉकची बाजू ड्रिल मशीनच्या टेबलाला समांतर करा आणि आधी बारीक भोक पाडून ते पलीकडे कुठे निघतं ते बघा. थोडं चुकलं तर मोठं भोक पाडताना सुधारता येतं.

८-३२ आट्यांचा (आठ नंबरचा, इंचाला ३२ आटे) बोल्ट असेल तर प्लेटमध्ये २९ नंबरच्या ड्रिलचं भोक पाडून आटे काढायचे. लाकडातलं भोक बोल्टपेक्षा जरा मोकळं. बोल्ट लाकडात घट्ट बसला तर तो प्लेटला एका बाजूला ओढतो.

बोल्ट किती आवळायचा? दोन बोटांनी धरलेल्या स्क्रू ड्रायव्हरने आवळला जाईल एवढाच. जास्त आवळून प्लेट ‘बसवायची’ म्हणजे तळातली चूक लपवायची. प्लेट वाकते, टंब्लर ब्रायडलमध्ये अडकतो.

८. तपासणी

सगळं जोडून, चकमक न लावता, नळी रिकामी असल्याची खात्री करून घोडा हाताने धरून सावकाश चढवा आणि सावकाशच सोडा. चकमकीशिवाय घोडा आपटू दिला तर टंब्लरवर आघात बसतो.

- लॉक हातात मोकळं चालतं पण दस्त्यात अडखळतं: आतला कुठला तरी भाग लाकडाला घासतो आहे. सगळ्या भागांना काजळ लावून दस्त्यात चार-पाच वेळा चढवा-उतरवा, मग आत शोधा.
- बोल्ट आवळल्यावरच अडखळतं: तळ सपाट नाही, प्लेट वाकते आहे.
- पूर्ण चढाव धरत नाही: सिअरची काडी तळाला टेकते, किंवा चाप तिला खालून उचलून धरतो.
- घोडा खाली येताना लाकडाला लागतो: आतल्या बाजूला घोड्याची पाठ आणि पॅनमागचं लाकूड बघा. इथे एखादा पापुद्रा काढून काम होतं.

एखाद्या जागी फट राहिलीच तर भुसा आणि गोंद भरू नका. वर्षभरात तो रंग बदलतो आणि फट आणखी उठून दिसते. त्याच दस्त्यातून निघालेल्या तुकड्याची, रेषा जुळेल अशी पातळ काडी कापून चिकटवा आणि पुन्हा चाकूने कापा. बरेच जण सगळ्या खाचेत इपॉक्सी ओततात. नळीच्या खाचेत ते मला चालतं. लॉकच्या खाचेत नाही, कारण तिथे ते नेमकं हलणाऱ्या भागांच्या आसपास भरतं आणि पुढे काही दुरुस्त करायचं म्हटलं की कठीण होऊन बसतं.

९. आतलं तेल, आणि एक सावधगिरी

मॅपलला रंग आणण्यासाठी इथे लोहमिश्रित आम्ल वापरतात, ज्याला अॅक्वा फोर्टिस म्हणतात. बाहेर ते सुंदर रंग देतं. आत शिरू देऊ नका. राहिलेलं आम्ल लॉकच्या स्प्रिंगवर गंज चढवतं आणि तो गंज महिनोन्‌महिने दिसतही नाही. लॉकच्या खाचेची कड आतून मास्किंग टेपने बंद करूनच बाहेर रंग लावा.

आत फक्त उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात, आडव्या रेषाच्या जागी दोन हात. तेलाची चिंधी घडी करून फेकू नका, ती आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळू द्या. तेल पूर्ण वाळल्याशिवाय लॉक परत बसवू नका.

इथल्या हिवाळ्यात घर तापवल्यामुळे लाकूड सुकतं आणि ऑगस्टच्या दमटपणात फुगतं. म्हणून लॉक जानेवारीत बसवलं असेल तर पहिल्या उन्हाळ्यात ते पुन्हा काढा, सिअरच्या काडीला आणि मेनस्प्रिंगच्या पातीला काजळ लावून तपासा. नव्या चकचकीत खुणा दिसल्या तर तेवढाच पापुद्रा काढा, त्या जागी तेलाचं बोट फिरवा आणि वाळल्यावर लॉक पुन्हा लावा.